डासासारखा गुणगुणणारा चिपसेट आणि त्याला गप्प करण्याची रीत

डिसेंबरातली रात्र. मी एक भलीमोठी फाइल कॉपीला लावून बसलो होतो. आई दार ढकलून आत आली आणि म्हणाली, "अरे, डासांची मशीन लावली नाहीस का? केवढा गुणगुणतोय!"

खोलीत डास नव्हता. आवाज येत होता टेबलाखालच्या कॅबिनेटमधून, मदरबोर्डवरच्या चिपसेटच्या (डिस्क, यूएसबी, लॅन सांभाळणाऱ्या चिपच्या) डोक्यावर बसवलेल्या ४० मिलिमीटरच्या पंख्यातून.

तो काही त्या रात्री सुरू झालेला नव्हता. दीड वर्ष फिरतच होता. पण आमचं घर नाशिकच्या सिडकोत, शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत छताचा पंखा बंद म्हणून होत नाही. त्याच्या घरघरीत चिपसेटचा आवाज बुडून जायचा. थंडी पडली, वरचा पंखा थांबला आणि खालचा ऐकू यायला लागला.

नंतर आकडेमोड केली तेव्हा आईचं निदान बऱ्यापैकी बरोबर निघालं. पंख्याचा मुख्य सूर ठरतो पात्यांवरून आणि वेगावरून: मिनिटाचे फेरे भागिले ६०, गुणिले पात्यांची संख्या. माझ्या पंख्याला ७ पाती, फेरे ४००० च्या आसपास. म्हणजे सेकंदाला साधारण ४६७ कंपनं. डासाच्या मादीचे पंख थोड्याफार फरकानं याच पट्ट्यात फडफडतात, आणि त्या सुराला दचकायची सवय आपल्या कानाला लहानपणापासूनची. १२० मिलिमीटरचा ७ पात्यांचा पंखा ६०० फेऱ्यांनी फिरवला तर हाच हिशेब ७० कंपनांवर येतो. तो अजिबात ऐकू येत नाही असं नाही, पण कान त्याला घरातलाच समजून सोडून देतो.

आणखी एक गोष्ट मला या खटाटोपात उशिरा उमगली. नाशिकच्या हवेनं हा प्रश्न अर्धा सोडवूनच ठेवलाय. निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात तेव्हा आवाज टोचतो, पण त्या दिवसांत खोली थंडगार असते आणि चिपसेटला पंख्याची गरज जवळपास नसते. खरी गरज पडते एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा छताचा पंखा गरगरत असल्यामुळे कोणाला काही ऐकू येत नाही. म्हणून "पंखा उपटूनच टाकतो" या हट्टाला मी शेवटचा नंबर दिलाय. थंडीत थांबणारा आणि उन्हाळ्यात फिरणारा पंखा मिळाला की बहुतेकांचं काम होतं. तरी ज्यांना हीटसिंक (चिपची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा तुकडा) बदलायचाच आहे त्यांच्यासाठी तेही पुढे सविस्तर आहे, कारण मी स्वतः ते करून बसलोय.

तुमच्या बोर्डवर हा पंखा आहे तरी का?

आधी हे बघा, नाहीतर नसत्या ठिकाणी पेचकस घालाल. जुन्या बोर्डांवर दोन मोठ्या चिपा असायच्या, नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज. मेमरी आणि ग्राफिक्सची सगळी ये-जा नॉर्थब्रिजमधून, त्यामुळे तोच जास्त तापायचा. एएमडीनं २००३ साली ॲथलॉन ६४ मध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात नेला, इंटेलनं २००८ च्या कोर आय७ मध्ये. त्या पहिल्या आय७ सोबतचा एक्स५८ तरीही २४ वॅटच्या घरातला होता. २००९ च्या पी५५ पासून इंटेलच्या साध्या बोर्डांवर एकच चिप उरली आणि पुढची काही वर्षं चिपसेटवर चपटा ॲल्युमिनियमचा तुकडा पुरेसा झाला.

मग जुलै २०१९ मध्ये एएमडीचा एक्स५७० आला. पीसीआय एक्सप्रेस ४.० (ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी जोडायची वेगवान वाट) घेऊन आला आणि सोबत सुमारे ११ वॅटची उष्णताही, आधीच्या एक्स४७० च्या साधारण दुप्पट. त्यामुळे बहुतेक एक्स५७० बोर्डांवर तो छोटा पंखा परत दिसू लागला. पुढच्या वर्षीचा बी५५० पंख्याशिवाय चालतो. २०२१ मध्ये एक्स५७०एस नावाचे बिनपंख्याचे बोर्डही निघाले. इंटेलचा झेड६९० तर ६ वॅटचाच आहे.

तेव्हा तुमच्याकडे बी५५०, बी६५० किंवा झेड६९० असेल तर गुणगुण दुसरीकडून येतेय. लेख तरी वाचा, "आधी चोर पकडा" हा भाग तुमच्याही उपयोगाचा आहे.

११ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण जिन्यातला ९ वॅटचा एलईडी बल्ब तासाभरानं बुडाशी हात लावून बघा. तेवढीच उष्णता इथे नखाएवढ्या जागेतून बाहेर पडते, तीही बहुतेक बोर्डांवर ग्राफिक्स कार्डाच्या खाली, जिथे आधीच गरम हवा कोंडलेली असते.

आधी चोर पकडा

रात्री अकरानंतर, छताचा पंखा बंद करून, इन्व्हर्टर दुसऱ्या खोलीत असेल तर दार लावून बसा. आमच्याकडे पहिले दोन दिवस मी ज्या आवाजाला चिपसेट समजत होतो त्यातला अर्धा यूपीएसचा होता.

कॅबिनेटचं झाकण काढा. वर्तमानपत्राची बारीक नळी करा, एक टोक कानाला, दुसरं पंख्याजवळ, पात्यांपासून बोटभर अंतर ठेवून. प्रोसेसरचा पंखा, मागचा एक्झॉस्ट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), ग्राफिक्स कार्ड, चिपसेट अशी एकेक पाळी घ्या. संशय पक्का करायचा असेल तर कान साफ करायच्या कापूस लावलेल्या काडीनं चिपसेटच्या पंख्याच्या मधल्या टोपीवर हलकं दाबून त्याला दोन-तीन सेकंद थांबवा. पात्यांवर नाही, टोपीवर. आवाज बंद झाला तर चोर सापडला. काडी सोडल्यावर पंखा आपला आपण परत फिरला पाहिजे. अडखळला, थरथरला, तर बेअरिंग संपत आलंय हेही कळलं.

झाकण काढूनच पीसी चालवायचा, हा उपाय अनेकजण सुचवतात. करू नका. आवाज वाढतो, समोरून मागे जाणारी हवा कुठेही भरकटते, आणि पावसाळ्यात पाल आत शिरते. हे मी उगाच सांगत नाही.

मोजल्याशिवाय काही हलवू नका

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स. दोन्ही फुकट आहेत. त्यात चिपसेट किंवा पीसीएच नावानं तापमान दिसतं, आणि बोर्डानं सोय दिली असेल तर त्या पंख्याचे फेरेही दिसतात. जोडीला भिंतीवर लावायचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तो कॅबिनेटच्या हवा ओढणाऱ्या बाजूला ठेवा.

अर्धा तास मशीन नुसती चालू ठेवा, आकडे लिहा. मग ताण द्या. इथे पुष्कळजण फसतात: प्रोसेसरला शंभर टक्के राबवणारी चाचणी लावतात आणि "चिपसेट तर तापतच नाही" म्हणून मोकळे होतात. प्रोसेसरच्या कामाचा चिपसेटशी फारसा संबंध नाही. चिपसेटमधून जातात त्या गोष्टी म्हणजे साटा डिस्क, बहुतेक यूएसबी पोर्ट, लॅन आणि दुसऱ्या एम.२ खाचेतली (बोर्डावर एसएसडी थेट बसवायची जागा) एसएसडी. तेव्हा त्या एसएसडीवरून पन्नास-साठ जीबीची कॉपी लावा आणि त्याच वेळी एखादा जड गेम चालवा, म्हणजे वरून ग्राफिक्स कार्डही भाजून काढेल. अर्ध्या तासानं परत आकडे लिहा.

वहीत नुसतं चिपसेटचं तापमान लिहून ठेवलं तर त्याचा पुढे काही उपयोग होत नाही. त्यातून खोलीचं तापमान वजा करून फरक लिहायचा. कारण ढोबळ हिशेब असा आहे: चिपचं तापमान म्हणजे भोवतालच्या हवेचं तापमान अधिक वॅट गुणिले हीटसिंकचा अडथळा. समजा हीटसिंक एका वॅटला ४ अंश चढू देतो. ११ वॅटला झाले ४४. कॅबिनेटमधली हवा ३० अंश असेल तर चिप ७४ वर थांबेल, ४५ असेल तर ८९ वर. ४४ चा फरक डिसेंबरातही तोच आणि मेमध्येही जवळपास तोच. म्हणून थंडीत केलेल्या मोजणीत उन्हाळ्याच्या खोलीचा आकडा मिळवला की एप्रिलचं भविष्य आधीच कळतं. माझ्या वहीत त्या डिसेंबरात खोली २१, ताणाखाली चिपसेट ६४, फरक ४३ असं लिहिलेलं आहे. आमच्या स्लॅबखालची खोली एप्रिलात दुपारी ३७ पर्यंत जाते. म्हणजे ८०.

चिपसेट यापेक्षा वरही तग धरतात, पण मी स्वतःपुरती ८० ही रेघ आखून ठेवलीय. त्याच्या पुढे यूएसबीवरची डिस्क मध्येच गायब होणं, कॉपी अडकणं, मशीन गोठणं असले प्रकार सुरू झाले तर दोष नक्की कशाचा हे शोधण्यात आठवडे जातात.

एक रुपया न खर्चता

पंखा आणि हीटसिंक साफ करा. मऊ पेंटिंग ब्रश आणि हवेचा ब्लोअर. ब्लोअर मारताना पंखा काडीनं अडवून धरा, नाहीतर तो भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. नाशिकची उन्हाळ्यातली धूळ बारीक असते, पावसाळ्यात ओल धरते आणि पात्यांवर तिचा पापुद्रा बसतो. तो पापुद्रा सगळ्या पात्यांवर सारखा नसल्यामुळे पंखा थरथरतो. अर्धी गुणगुण माझ्याकडे इथेच गेली.

मग एसएसडी. चिपसेटकडच्या एम.२ खाचेत ठेवलेली वेगवान एसएसडी काढून प्रोसेसरला थेट जोडलेल्या खाचेत लावता येते का बघा. ही खाच बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरच्या सर्वांत जवळची असते, बोर्डाच्या पुस्तिकेत आकृती असतेच. चिपसेटवरचा भार तिथल्या तिथे उतरतो.

आणि बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणारं बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर. निर्मात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या बोर्डासाठी नवा बायोस आला असेल तर आधी तो घाला, कारण एक्स५७० च्या अनेक बोर्डांना चिपसेटच्या पंख्याची सेटिंग नंतरच्या बायोसमधून मिळाली. बायोस घालताना वीज जाता कामा नये. इन्व्हर्टरवर विसंबू नका, यूपीएस लावा.

सेटिंगमध्ये नुसते सायलेंट, बॅलन्स्ड असे पर्याय असतील तर सायलेंट निवडा. फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगानं फिरवायचा याचा आलेख, आखता येत असेल तर सोन्याहून पिवळं. माझा कर्व्ह असा आहे: ६० अंशांपर्यंत पंखा बंद, ६५ ला ३० टक्के, ७५ ला ५० टक्के, ८२ ला पूर्ण. मधल्या पायऱ्या हळूहळू चढत्या ठेवा, एकदम उडी नको. तापमान बदलल्यावर पंख्यानं किती वेळानं दखल घ्यायची याचीही एक सेटिंग असते, ती जितकी संथ करता येईल तितकी करा. सतत एकाच सुरात गुणगुणणारा पंखा एक वेळ सहन होतो, पण दर मिनिटाला सुरू होऊन बंद होणारा डोक्यात जातो.

अंगठ्याचा नियम असा की पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला तो निम्मा वाटतो. त्यामुळे "थोडासा कमी केला तर काय फरक पडणार" असं म्हणू नका. ४००० वरून ३००० वर आणा आणि मग सांगा.

एवढ्यावर ज्यांचं भागलं त्यांनी इथेच थांबावं. खरंच थांबावं. पुढे बोर्ड उघडायची पाळी येते.

तेलाची गोष्ट

बाबांचं म्हणणं, "कुरकुरतंय ना? दोन थेंब तेल घाल." हे म्हणताना त्यांच्या हातात खोबरेल तेलाची बाटली होती, आणि त्या बाटलीतलं तेल डिसेंबरच्या थंडीनं पांढरंफटक गोठलेलं होतं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होतं. बेअरिंगमध्ये ते गेलं असतं तर सकाळी पंखा सुरूच झाला नसता.

तेलाचा उपाय मात्र खरा आहे, फक्त तेल शिवणयंत्राचं हवं. पंखा चार स्क्रू काढून मोकळा करा. मागचं कागदी लेबल अर्धं उचला. खाली रबराची टोपी किंवा नुसतं भोक दिसेल. टाचणीच्या टोकावरून एक थेंब सोडा, दोन नाही. पाती बोटानं फिरवा, सांडलेलं पुसा, लेबल परत दाबा. लेबलाच्या गोंदाला तेल लागलं तर ते चिकटत नाही, तिथे टेपचा छोटा गोल तुकडा लावा. बंदिस्त बेअरिंगचा पंखा असेल आणि भोकच नसेल तर टोकरत बसू नका.

यानं काही महिने निघतात. माझा फेब्रुवारीच्या शेवटी परत बोलायला लागला.

तसाच दुसरा पंखा

४० मिलिमीटरचा चांगला पंखा, उदाहरणार्थ नॉक्टुआचा एनएफ-ए४x१०, मूळ पंख्याच्या जागी बसवता आला तर फरक पडतो. पण जागा नीट मोजा. हा १० मिलिमीटर जाड आहे, आणि कित्येक बोर्डांवरचा मूळ पंखा त्याहून चपटा, वेगळ्या आकाराच्या चौकटीत बसवलेला असतो. त्याचं कनेक्टरही अनेकदा नेहमीच्या फॅन हेडरपेक्षा (बोर्डावरच्या पंखा जोडायच्या पिनांपेक्षा) बारीक असतं. वायर कापून डाग देण्याची वेळ आली तर लक्षात ठेवा: तीन पिनांच्या पंख्यात एक जमीन, एक १२ व्होल्ट, एक फेरे मोजण्याची. चौथी असली तर ती वेग ठरवणाऱ्या पीडब्ल्यूएमची. रंगांवर विश्वास ठेवू नका, कंपनीगणिक बदलतात, मल्टिमीटरनं तपासा.

१२ ऐवजी ७ व्होल्ट मिळवण्यासाठी मोलेक्सच्या (एसएमपीएसच्या चार वायरींच्या जुन्या जोडाच्या) पिवळ्या आणि लाल वायरीमध्ये पंखा जोडण्याची एक जुनी युक्ती आहे. १२ वजा ५ बरोबर ७, गणित बरोबर आहे. पण त्यात पंख्याचा परतीचा प्रवाह ५ व्होल्टच्या वायरीत शिरतो, आणि शॉर्ट झाला तर ते निस्तरणं महागात पडतं. हेडरवरून वेग कमी होत असताना ही कसरत कशाला?

मोठा पंखा आडवा टांगा

मला विचाराल तर पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. १२० मिलिमीटरचा एक शांत पंखा घ्यायचा आणि तो ग्राफिक्स कार्डाच्या खालून, चिपसेटच्या दिशेनं हवा येईल असा बसवायचा. ५०० ते ७०० फेरे पुरतात. चिपसेटच्या हीटसिंकला वादळ लागत नाही. कोंडलेली हवा हलली की पुरे.

बसवायची सोपी जागा म्हणजे मागच्या बाजूच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या. दोन पट्ट्या काढा, त्यांच्या स्क्रूच्या जागी भोकं असलेली पत्र्याची लांब पट्टी कसा (हार्डवेअरच्या दुकानात, पडद्याच्या सामानाजवळ सापडते) आणि तिला केबल टायनं पंखा बांधा. धातूला धातू टेकू देऊ नका. मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचे चौकोनी तुकडे ठेवले की थरथर कॅबिनेटला पोचत नाही. पंखा बोर्डापासून तीन-चार सेंटिमीटर लांब, थोडा तिरपा, म्हणजे हवा चिपसेटवरून घसरून ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या बाजूला जाते. त्यालाही फायदा.

हा पंखा बोर्डवरच्या चार पिनांच्या हेडरला लावा आणि बायोसमध्ये त्याचं तापमान प्रोसेसरवरून न घेता चिपसेटवरून घ्या. हा पर्याय बऱ्याच नव्या बोर्डांवर असतो. मूळ छोटा पंखा काढू नका, त्याचा कर्व्ह वर सरकवून ठेवा. म्हणजे मोठा पंखा रोजचं काम करतो आणि छोटा फक्त अडचणीत धावून येतो. माझ्या मशीनवर नुसत्या या बदलानं ताणाखालचा फरक ४३ वरून ३१ वर आला, तोही छोटा पंखा बंद असताना.

समोरच्या जाळीवर धुळीसाठी मच्छरदाणीचं कापड लावलंत तर महिन्याला धुवायला विसरू नका. तुंबलेल्या जाळीपेक्षा उघडी जाळी बरी.

पंखाच नको म्हणणाऱ्यांसाठी

कॅबिनेट लहान आहे, मोठा पंखा मावत नाही, किंवा माझ्यासारखी खाज आहे. तर मूळ हीटसिंक काढून त्या जागी मोठा, बिनपंख्याचा बसवायचा. यात बोर्डाची वॉरंटी जाऊ शकते हे आधी मान्य करा. आणि मूळ हीटसिंक तांब्याच्या नळीनं प्रोसेसरजवळच्या हीटसिंकला जोडलेला असेल तर या वाटेला जाऊच नका.

आधी जागा मोजा. चिपसेट ग्राफिक्स कार्डाच्या सावलीत असतो, त्यामुळे उंचीला आडकाठी तीच. मुलांची खेळायची क्ले पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मूळ हीटसिंकवर ठेवा, कार्ड हलक्या हातानं खाचेत बसवा, परत काढा. दाबलेल्या क्लेची जाडी पट्टीवर मोजली की किती जागा शिल्लक आहे ते कळतं. बोर्डातल्या दोन भोकांमधलं अंतरही तेव्हाच मोजून घ्या. ही भोकं तिरकी समोरासमोर असतात आणि अंतर बोर्डागणिक वेगळं असतं. कोणत्याही चिपसेटला बसेल अशी जाहिरात असलेला हीटसिंक न मोजता मागवू नका.

हीटसिंक निवडताना दोन गोष्टी. एक, पाती विरळ हवीत. पंखा नसताना हवा आपली आपण वर सरकते, तिला वाट लागते. पात्यांमध्ये ६ ते ८ मिलिमीटर अंतर असलं तर चांगलं. दाट पात्यांचा हीटसिंक हातात भारी वाटतो पण पंख्याशिवाय तो नुसती गरम वीट होतो. दोन, कॅबिनेट उभं असताना पात्यांची दिशा वरून खाली आली पाहिजे. आडवी आली तर गरम हवा प्रत्येक पात्याखाली अडकून बसते. काळा ॲनोडाइज केलेला मिळाला तर घ्या, चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा तो उष्णता जास्त बाहेर टाकतो, आणि बिनपंख्याच्या कारभारात तेवढ्यानंही फरक पडतो.

माझ्या हीटसिंकचा तळ अगदी सपाट नव्हता, पट्टी उभी धरली की मधून उजेड दिसायचा. अंबड एमआयडीसीत ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये नेला. त्यांनी मिलिंगवर एक हलका हात मारून दिला आणि पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मलाच पाजावा लागला. घरी करायचं तर जाड काचेवर ४०० आणि मग ८०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून तळ गोल गोल घासा.

आता काढणं. मशीन दहा मिनिटं चालवा म्हणजे चिप आणि हीटसिंकच्या मधली जुनी थर्मल पेस्ट मऊ पडते. बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा. हिवाळ्यात नाशिकची हवा कोरडी असते, स्वेटर घालून हे काम करू नका. ग्राफिक्स कार्ड काढा, पंख्याचं कनेक्टर सोडवा, बोर्ड पूर्ण बाहेर घ्या आणि पुठ्ठ्यावर ठेवा. उलटा करून पाहिलं की हीटसिंकच्या पिनांची टोकं किंवा स्क्रू दिसतील. प्लास्टिकच्या पिना असतील तर बारीक पक्कडीनं टोक चिमटीत दाबून खाली ढकला. त्या जुन्या झाल्या की तुटतात, ते गृहीत धरा.

हीटसिंक वर ओढू नका. डावीकडे-उजवीकडे हलकासा पिळत सोडवा. खालची चिप उघडी असते, प्रोसेसरसारखं तिच्या डोक्यावर धातूचं टोपण नसतं, आणि तिचे कोपरे काचेसारखे उडतात. कोपऱ्यांभोवती फोमचे तुकडे चिकटवलेले असले तर ते तसेच राहू द्या, नवा हीटसिंक एका बाजूला कलू नये म्हणून ते असतात.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. एम. जी. रोडवरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे ते असतं, थर्मल पेस्ट आणि पॅडही तिथेच मिळतात. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन आणि सुवास असतो, त्याचा थर मागे राहतो. चष्मा पुसायचं कापड चालतं, कापूस धागे सोडतो.

पेस्ट साबुदाण्याएवढी, मधोमध. पसरवायची नाही, दाबानं ती आपोआप पसरते. साधी, वीज न वाहणारी पेस्ट घ्या. लिक्विड मेटल तर इथे अजिबात नको: त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खाऊन भुसभुशीत करतं. कायमचा चिकटवणारा थर्मल गोंदही नको, पुढच्या वेळी हीटसिंकसोबत चिप उपटून येईल.

नवा हीटसिंक सरळ खाली ठेवा आणि तिरक्या समोरासमोरच्या पिना थोड्या थोड्या, आळीपाळीनं बसवा. मग, आणि हे बहुतेकजण टाळतात, तो लगेच परत काढा. चिपवर पेस्टचा ठसा सगळीकडे सारखा उमटला असेल तर पुसून, नवी पेस्ट लावून कायमचा बसवा. ठसा एका बाजूलाच असेल तर पिनांची स्प्रिंग किंवा फोमची जाडी बघा. पहिल्या खेपेला माझा ठसा अर्धचंद्रासारखा आला होता. न बघता कॅबिनेट बंद केलं असतं तर सगळा दोष मी बिचाऱ्या हीटसिंकला दिला असता.

उभ्या बोर्डावर जड हीटसिंक लोंबतो. त्याचं वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असेल तर वरून एक केबल टाय घेऊन कॅबिनेटच्या पट्टीला हलका आधार द्या. ताणायचा नाही, फक्त टेकू.

पहिल्यांदा सुरू केल्यावर बायोस पंखा सापडत नाही म्हणून कुरकुर करू शकतो. त्या हेडरची देखरेख बंद करा. पण तापमानाचा इशारा, म्हणजे अमुक अंशांवर भोंगा, तो नक्की चालू ठेवा. मी ८५ ला ठेवलाय.

एप्रिल

सगळं बसवून झालं की झाकण लावून तीच मोजणी परत करा, तोच अर्धा तास, तीच कॉपी, तोच गेम. झाकण उघडं ठेवून घेतलेला आकडा फुशारकीपुरता चांगला असतो. नव्या हीटसिंकचा माझा फरक, मोठा पंखा ५०० फेऱ्यांवर ठेवून, २८ आला. पंखा पूर्ण बंद केला तेव्हा ४६, म्हणजे मूळ गुणगुणत्या पंख्यापेक्षाही वाईट. एप्रिलच्या ३७ मध्ये मिळवले तर पहिल्याचे ६५ आणि दुसऱ्याचे ८३. बिनपंख्याचं माझं स्वप्न त्या एका बेरजेनं संपलं आणि मोठा पंखा जागेवर राहिला, थंडीत बंद, फाल्गुन लागला की सुरू.

तुमची बेरीज ८० च्या वर जात असेल तर मेच्या सुट्टीत मुलांच्या हाती गेम जाण्याआधी दोन गोष्टी करून ठेवा. मोठ्या पंख्याचा किमान वेग १०० फेऱ्यांनी वाढवा, आणि कॅबिनेट भिंतीपासून एक वीत पुढे ओढा. आमचं कपाटाच्या खणात कोंबलेलं होतं, मागची गरम हवा परत पुढे येत होती. नुसतं बाहेर काढल्यावर खणाच्या तोंडाशी ठेवलेला थर्मामीटर ४१ वरून ३६ वर उतरला, आणि त्यासाठी पेचकस लागलाच नाही.

पेस्ट तीन-चार वर्षांनी बदला. तारीख हीटसिंकच्या कडेला मार्करनं लिहून ठेवा, वही हरवते.